हौद्याला पक्कं झाकण: कोणतं घ्यावं, कसं बसवावं

मे सरत आला की पिकअपवाल्यांची पत्रं वाढतात. विषय एकच असतो, गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यातलं सामान कोरडं आणि जागेवर राहावं. ताडपत्रीला कंटाळून कडक झाकण बसवायला निघालेल्या वाचकांची काही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: आमचा साउंड आणि लायटिंगचा व्यवसाय आहे. गाडी इसुझू व्ही-क्रॉस. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना ताडपत्रीखाली ॲम्प्लिफायर ओले होतात, आणि रात्री गाडी रस्त्यावर लावली की जीव टांगणीला लागतो. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले: एकसंध फायबरचं, घडीचं ॲल्युमिनियमचं आणि शटरसारखं गुंडाळणारं. कोणतं घ्यावं? (सिंहगड रस्ता)

उत्तर: दुकानात परत जायच्या आधी एकदा नेहमीच्या ऑर्डरसारखा हौदा भरा आणि सगळ्यात उंच नग कडेच्या किती वर येतो ते टेपने मोजा. या वर्गातल्या गाड्यांचा हौदा जेमतेम दीड फूट खोल असतो. १५ इंची स्पीकरचा खोका उभा केला तर सव्वादोन फुटांच्या आसपास जातो, म्हणजे झाकण लागणारच नाही. पाठीवर झोपवला तर बसतो, पण मग हौद्याच्या तळावरची जागा जवळपास दुप्पट खातो. तुमचं निम्मं सामान कडेच्या वर येत असेल तर हा सगळा खर्च विसरा आणि उंच कॅनोपीचा, म्हणजे केबिनइतक्या उंच बंद टपाचा, विचार करा.

सामान खाली बसतं असं धरून पुढे बोलू.

एकसंध झाकण पाण्याला सगळ्यात चांगलं, कारण मधे सांधाच नाही. वजन साधारण ३० ते ४० किलो. केबिनच्या बाजूला बिजागऱ्या, मागून वर उचलायचं. अडचण वापरायला लागल्यावर कळते. दीड मीटर लांबीचं झाकण ४५ अंशांत उघडलं तर त्याची मागची कड हौद्याच्या कडेपेक्षा एक मीटरहून वर जाते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोक्यावरचा बीम किती उंचीवर आहे ते आधी मोजा, नाहीतर प्रत्येक वेळी गाडी बाहेर काढून सामान भरावं लागेल. आणि महिन्यातून एकदा फ्रिज किंवा दिवे टांगायचा ट्रस न्यायचा असेल तर झाकण उतरवायला दोन माणसं लागतात. उतरवलेलं ठेवणार कुठे? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी याचं उत्तर आधी शोधावं.

गुंडाळणारं शटर दिसायला झकास. हवं तेवढंच उघडता येतं, मागच्या काचेतून दिसणं अडत नाही. पण ते ज्या डब्यात गुंडाळलं जातं तो डबा हौद्याच्या पुढच्या टोकाला, केबिनला लागून बसतो आणि वरची २५ ते ३० सेंटिमीटर जागा कायमची घेतो. डब्यात पाणी येतंच, ते दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली सोडलेलं असतं. गाडी पर्जन्यवृक्षाखाली किंवा गुलमोहराखाली लावत असाल तर पाकळ्या आणि बारीक पानं या नळ्यांत बसतात. नळी तुंबली की डबा भरून थेट सामानावर उलटतो. दर पंधरा दिवसांनी नळीत पाणी ओतून खालून पडतंय का ते बघणार असाल तरच हे घ्या.

तुमच्यासाठी आमचं मत घडीच्या ॲल्युमिनियमला. तीन किंवा चार फळ्या, आत फोम, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, वजन २० ते २५ किलोच्या घरात. मागून एक फळी उघडून केबल काढता येते, सगळ्या दुमडून केबिनला टेकवता येतात, आणि चार-सहा क्लँप सोडले की पूर्ण उतरतं. सांध्यांमुळे पाण्याच्या बाबतीत एकसंध झाकणापेक्षा थोडं डावं, हे मान्य करूनच घ्या. दुमडून चालवायचं असेल तर सोबतचा पट्टा किंवा आधाराचा दांडा लावल्याशिवाय गाडी हलवू नका; महामार्गावर वारा खालून शिरला की फळी उलटी फेकली जाते आणि बिजागरी मुरगळते.

चोरीचं म्हणाल तर झाकण शेवटी येतं, आधी फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार. फाळक्याला कुलूप नसेल आणि तो बाहेरून नुसत्या हँडलने उघडत असेल, तर वरचं ॲल्युमिनियम कितीही जाड असलं तरी चोर मागून हात घालून खोका ओढणार. घडीच्या झाकणाच्या आतल्या खिट्ट्याही फाळका बंद असतानाच हाताला लागत नाहीत. तेव्हा फाळक्याला चावीचं लॉक आधी बसवा. आणि कोणताही दुकानदार ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणाला तरी ॲम्प्लिफायर झाकण असलेल्या पेटीत, आणि पेटी दोन इंची लाकडी पट्ट्यांवर ठेवा. ताम्हिणीतला पाऊस जाहिरात वाचून पडत नाही.

प्रश्न: मांजरीहून रोज पहाटे टोमॅटो आणि फुलं मार्केट यार्डात नेतो. ऊन आणि पावसापासून माल वाचावा म्हणून हार्ड कव्हर बसवू का? (मांजरी बुद्रुक)

उत्तर: नको.

टोमॅटोचा प्लास्टिक क्रेट साधारण एक फूट उंच. दीड फुटाच्या हौद्यात झाकणाखाली एकच थर बसतो. आज तुम्ही बहुधा तीन-चार थर लावत असाल. म्हणजे एका खेपेच्या तीन खेपा. शिवाय बंद झाकणाखाली हवा खेळत नाही. पहाटे ठीक, पण वाटेतल्या ट्रॅफिकमध्ये किंवा गेटवरच्या रांगेत दहा वाजले की काळ्या झाकणाखालचा हौदा तापतो, फुलं कोमेजतात आणि पिकलेला टोमॅटो मऊ पडतो. तुम्हाला हवा तो पाइपचा सांगाडा आणि त्यावर फिक्या रंगाची ताडपत्री, बाजूने गुंडाळून वर घेता येईल अशी. कमानी चार ठेवा. दोनच कमानी दिल्या तर मधे पाणी साचून ताडपत्रीची पखाल होते आणि एका धक्क्यात सगळं पाणी मालावर येतं. ज्या गाड्यांचे बाजूचे फाळकेही उघडतात, त्यांना तर कडेवर पकडणारं झाकण बसतच नाही. उघडणाऱ्या बाजूवर क्लँप धरणार कशाला?

प्रश्न: ऑनलाइन वापरलेलं झाकण स्वस्तात मिळतंय. ‘डी-मॅक्स २०२१’साठीचं आहे असं विकणारा म्हणतो. माझी व्ही-क्रॉस २०२१चीच आहे. घेऊ का? (वाकड)

उत्तर: वर्ष जुळलं म्हणून हौदा जुळत नाही. व्ही-क्रॉस भारतात २०१६ मध्ये आली ती डी-मॅक्सच्या दुसऱ्या पिढीची गाडी. थायलंडमध्ये तिसरी पिढी २०१९ च्या अखेरीस आली, पण आपल्याकडची २०२१ ची व्ही-क्रॉस जुन्याच सांगाड्यावरची आहे. बाहेरून आलेलं नव्या पिढीचं झाकण तुमच्या कडांवर नीट बसणार नाही. टोयोटा हायलक्सवाल्यांनीही सावध असावं: एकाच नावाच्या गाडीचे हौदे देशागणिक वेगळे असतात, कडेची पट्टी, दोर बांधायच्या कड्या, मागची खिडकी झाकणारी जाळी, सगळंच बदलतं.

म्हणून नाव विचारू नका, मापं विचारा. फाळका बंद करून हौद्याच्या आतल्या बाजूने ही मापं घ्या: पुढच्या भिंतीच्या वरच्या काठापासून फाळक्याच्या आतल्या काठापर्यंत लांबी, डावीकडे, मधे आणि उजवीकडे, दोन्ही कडांमधली रुंदी, पुढे आणि मागे, आणि दोन्ही कर्ण. कर्णांत पाच-सात मिलिमीटरहून जास्त फरक आला तर हौदा तिरका झालेला आहे, बहुतेक मागे कधीतरी ठोकर बसलेली. अशा हौद्यावर नवं झाकणही एका कोपऱ्यात उचललेलं राहील. कडेची खालची पट्टी किती रुंद आहे ते बोटाने चाचपा, कारण क्लँप तिलाच धरतो. प्लास्टिकचा बेड लायनर (हौद्याच्या आतलं अस्तर) कडेच्या वरून येणारा असेल तर क्लँपच्या जागी तो कापावा लागतो, आणि झाकणाचं रबर गुळगुळीत पत्र्यावर न बसता लायनरच्या खाचांवर बसल्याने पाणी आत येतं. कडेच्या खाली संपणारा लायनर असेल तर ही कटकट नाही. स्पोर्ट्स बार (केबिनमागे हौद्यावर उभी असलेली नळीची कमान) असेल तर त्याच्या पायांचा फोटो विकणाऱ्याला पाठवा. निम्मी झाकणं बारसोबत बसतच नाहीत.

वापरलेल्या मालात पत्र्यावरचा ओरखडा क्षुल्लक आहे. फळ्यांमधल्या रबरी बिजागरीला चिरा, वाकलेला क्लँप आणि चावी नसलेलं कुलूप, यांतलं एक जरी दिसलं तरी सोडून द्या. या गोष्टी सुट्या मिळणं कठीण.

प्रश्न: मागच्या जूनमध्ये नवं घडीचं झाकण बसवलं. जुलैत हौद्यात अर्धा इंच पाणी. दुकानदार म्हणतो रबर बदला. नक्की कुठून येतंय कसं कळणार? (कोथरूड)

उत्तर: अर्धा इंच पाणी साचलं याचा अर्थ दोन दोष आहेत: पाणी आत येतंय, आणि आलेलं बाहेर जात नाही. दुसरा आधी बघा. हौद्याच्या कोपऱ्यांतली निचऱ्याची भोकं लायनरखाली दडलेली असतात, आणि चिखलाने बुजतात. तार घालून मोकळी करा.

मग गळती शोधा. हौदा पुसून कोरडा करा, हौद्याच्या तळावर वर्तमानपत्राचे कागद अंथरा, झाकण लावा. बागेच्या साध्या नळीने, जोर न लावता, एका वेळी एकच जागा भिजवा: आधी फक्त फाळक्याच्या बाजूच्या आणि खालच्या फटी, पाच मिनिटं. उघडून बघा. कागद बदला. मग डावी कड, मग उजवी, मग फळ्यांचे सांधे, आणि सगळ्यात शेवटी केबिनकडचा पुढचा काठ. खालून वर जायचं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. कागदावरचा ओला डाग कुठे सुरू होतो ते नेमकं दाखवतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप या कामाला वापरू नका, तो कुठल्याही रबरातून पाणी आत घालतो.

बहुतेक वेळा निकाल असा लागतो की झाकण निर्दोष आणि फाळका दोषी. कंपनीतून निघताना या फाळक्याला रबर नसतंच, कारण उघड्या हौद्यात पाणी अडवायचं कारण नव्हतं. फाळक्याच्या दोन्ही बाजूंना आणि तळाला पोकळ रबराचं बीडिंग लावा. ईपीडीएम रबर मागा. फोमची चिकटपट्टी एका पावसाळ्यात भिजून लगदा होते. लावण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसा, आणि लावल्यावर एक रात्र फाळका बंद ठेवा. बीडिंग फार जाड घेतलं तर फाळका ओढून लावावा लागेल आणि लॉक झिजेल, तेव्हा फट मोजून तिच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जाडच घ्या.

पुढच्या काठाने पाणी येत असेल तर रबराखाली कागदाची पट्टी ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर दाब आहे, सरकन सुटली तर तिथे फट आहे. दर अर्ध्या फुटावर असं करत जा. फट बारीक असेल तर न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन चालेल. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन पत्रा गंजवतं.

आणि एक विनंती: गॅरेजमधला मुलगा रबर चमकवायला डिझेलचा बोळा फिरवत असेल तर त्याला थांबवा. ईपीडीएम रबर पेट्रोल-डिझेल-ग्रीसने फुगतं. साबणाचं पाणी आणि वर सिलिकॉन स्प्रे पुरे.

प्रश्न: भोसरीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून झाकण बनवून घ्यायचं आहे. पत्रा कोणता, आणि उचलायला गॅसचे शॉकर किती ताकदीचे लावायचे? (इंद्रायणीनगर)

उत्तर: हौदा दीड बाय दीड मीटर धरला तर क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर. तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा १८ किलो भरतो, दोन मिलिमीटर लोखंडी पत्रा ३५ किलो. खाली २५ बाय २५ चा दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, चौकट आणि दोन आडवे मिळून नऊ मीटर: लोखंडी घेतला तर १३ किलो, ॲल्युमिनियमचा साडेचार किलो. म्हणजे एकीकडे कुलूप-बिजागऱ्यांसह २५ किलो आणि दुसरीकडे पन्नास. पन्नास किलोचं झाकण रोज कोणी उचलत नाही, ते उघडंच राहतं. ॲल्युमिनियम घ्या. आडवे पाइप दोनहून कमी नकोत, नाहीतर पत्रा खड्ड्यांत डबडब वाजतो. मधोमध दहा-बारा मिलिमीटरचा उठाव द्यायला सांगा, म्हणजे पाणी बाजूला उतरेल. कडा खाली वळवून घ्या. वळवलेली कड कडेच्या बाहेरून किमान वीस मिलिमीटर खाली आली पाहिजे.

ॲल्युमिनियम पत्र्याला लोखंडी स्क्रू थेट मारला तर पावसाळ्यात त्या भोवती पांढरी पूड धरते आणि भोक मोठं होत जातं. ३०४ स्टेनलेसचे बोल्ट आणि मधे नायलॉनचे वायसर वापरा. हौद्याच्या पत्र्याला भोक पाडलंच तर कड घासून झिंक प्रायमर, मग रंग, मग बोल्ट, याच क्रमाने.

आता शॉकर. २५ किलोच्या झाकणाचा मध्य बिजागरीपासून पाऊण मीटरवर. वजनाचा घुमाव २५ × ९.८ × ०.७५, म्हणजे सुमारे १८४ न्यूटन-मीटर. शॉकरची रेषा बिजागरीपासून काटकोनात ३० सेंटिमीटर लांब असेल आणि दोन शॉकर असतील, तर प्रत्येकी १८४ भागिले ०.६, म्हणजे जवळपास ३०७ न्यूटन. ३५० चे घ्या. अंतर २० सेंटिमीटरच मिळत असेल तर हाच आकडा ४६० वर जातो, म्हणून आधी जागा ठरवा, मग शॉकर विकत घ्या. नळीवर हा आकडा ‘एन’, म्हणजे न्यूटन, या अक्षरासह छापलेला असतो. जास्त ताकदीचे लावले तर झाकण बंद करताना मधे वाकतं आणि पुढचा काठ रबरावरून उचलला जातो. झाकण बंद असताना शॉकरचा दांडा खालच्या बाजूला आणि नळी वर असावी. आतलं तेल सीलवर राहतं आणि गॅस लवकर निघून जात नाही. शॉकर पत्र्यावर नाही, पाइपच्या चौकटीवर बसवा.

प्रश्न: झाकण बसवलं तर आरटीओ अडवेल का? विमा? (हडपसर)

उत्तर: मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातली माहिती बदलेल असा फेरफार करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. क्लँपने धरलेलं, लांबी-रुंदी न वाढवणारं आणि काढता येणारं झाकण आणि केबिनइतकी उंच कॅनोपी यांत यामुळे फरक पडतो. कॅनोपीने गाडीची उंची, वजन आणि रूप बदलतं, मागचा वरचा ब्रेक लाइटही झाकला जातो. ती बसवण्याआधी एमएच-१२ वाल्यांनी संगम पुलाजवळच्या कार्यालयात लेखी विचारावं. नंबर प्लेट आणि दिवे कुठल्याही झाकणाखाली जाता कामा नयेत. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस असतो, तेव्हा झाकण सहज उतरणारं असलेलं बरं.

विमा कंपनीला बिलासह कळवा. झाकण मूळ गाडीसोबत आलेलं नसल्याने त्याची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवावी लागते, मोटर असलेलं शटर इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीत मोडतं. कळवलं नाही तर अपघातात झाकणाचे पैसे मागू नका. आणि झाकणाचं वजन गाडीच्या माल वाहण्याच्या मर्यादेतूनच वजा होतं, हे भरताना ध्यानात ठेवा.

प्रश्न: कात्रज बायपासवरून गेलं की झाकण कुरकुरतं. क्लँप आवळून आवळून थकलो. (आंबेगाव)

उत्तर: आवळणं थांबवा. फार आवळलेला क्लँप हौद्याची कड बाहेर ढकलतो, दोन्ही बाजूंचं अंतर वाढतं आणि झाकण आणखी सैल होतं. सगळे क्लँप सोडा. झाकण दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आणा, पुढच्या भिंतीला टेकवा. मग पुढचे दोन, नंतर मागचे दोन, शेवटी मधले, आधी सगळे हाताने आणि मग छोट्या पान्याने पाव फेरा. एअर गनला हात लावू द्यायचा नाही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर एकदा तपासा, रबर दबून बसलेलं असतं. तरीही आवाज आला तर क्लँपखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. पत्र्याला पत्रा घासला की कुरकुरतो, आणि रंग गेलेल्या त्या जागी पहिल्या पावसात गंज दिसतो.

प्रश्न: झाकणाखाली घरगुती गॅस सिलिंडर नेला तर चालेल का? आणि शिकारी कुत्रा? (मुळशी)

उत्तर: दोन्ही नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बंद हौद्यात तळाला साचतो. पेट्रोलच्या कॅनचंही तेच. कुत्र्याला मागच्या सीटवर बसवा, केस झाडता येतात.